चोपन्नपैकी चोपन्न

भाऊबीजेला मखमलाबादच्या मळ्यात यायचं म्हणजे लंकाबाईंना पंचवटीतलं हारांचं दुकान दिवसभर बंद ठेवावं लागे. वर्षातून एकदाच बंद राहणाऱ्या दुकानाची मालकीण ज्या तोऱ्यात यावी, त्याच तोऱ्यात त्या रिक्षातून उतरल्या. ओसरीवर दोन पाट मांडलेले होते, पण त्यांच्यापुढे ताट नव्हतं. तिथे झेरॉक्सचे कागद पसरले होते, आणि त्यांचा पाठचा भाऊ रंगनाथ बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसला होता.

"अक्का, ये. आपल्या चैत्रालीला चोपन्नपैकी चोपन्न पडले."

"कशात?"

"डॉक्टरीणबाईच्या कागदात. अठरा प्रश्न, हरेकाला तीन. मीच दिले."

ज्या परीक्षेत आजोबाच पेपर तपासतात त्यात नात पहिली येणार नाही तर काय होईल, असं म्हणायचं लंकाबाईंच्या जिभेवर आलं होतं. पण सणाचा दिवस होता आणि अजून चहाही झाला नव्हता. त्या पाटाशेजारी टेकल्या.

कागदाची कूळकथा त्यांना ठाऊक होती. गेला महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. चैत्राली, रंगनाथचा मुलगा गोरक्ष याची थोरली, इंग्रजी शाळेत चौथीला. दसऱ्याच्या आधी शाळेतून चिठ्ठी आली, की मुलगी वर्गात असून नसते, खिडकीबाहेर बघते, फळ्याकडे बघत नाही, हा लक्ष न टिकण्याचा आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. गोरक्षने ती चिठ्ठी तीनदा वाचली, त्याच्या बायकोने, दीपमालाने एकदा वाचली आणि तीनदा रडून घेतलं. मग कॉलेज रोडच्या एका बालरोगवाल्या डॉक्टरीणबाईंनी कागद दिला: मुलीला रोज बघणाऱ्यांनी भरून आणा, शाळेचा वेगळा येईल, मग बोलू. परवाची वेळ होती.

आता रोज बघणाऱ्यांनी म्हटल्यावर एकत्र कुटुंबात पंचाईतच. गोरक्षचं म्हणणं, मी बाप. दीपमालाचं म्हणणं, डबा मी भरते. शेवटी सकाळी रंगनाथने कागद ओढून घेतला. घरचा कर्ता तो, सही त्याचीच चालते, दुधाच्या डेअरीपासून लग्नपत्रिकेपर्यंत. प्रश्न वाचायची त्याला सवय नव्हती. त्याने एवढंच विचारलं, "किती पैकी?" कुणीतरी म्हणालं, तीनपैकी. झेरॉक्सवाल्याने वरची ओळ, कोणत्या आकड्याचा अर्थ काय ती, कापून टाकली होतीच. घरच्या पोरीला कमी गुण द्यायला रंगनाथ काही वैरी नव्हता.

"आता शाळेला म्हणावं, बघा," तो म्हणाला. "आमच्या खानदानात आजार नाय."

एवढ्यात पेठच्या एसटीने येऊन छाया दारात उभी राहिली. रंगनाथची लेक. पेठच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सोळा वर्षं मास्तरीण. तिच्याकडे चार इयत्ता एका खोलीत आणि पावसाळ्यात त्यातली एक इयत्ता छपराखाली गळतीपासून पळत असते. तिने पिशवी ठेवली, कागद उचलला, आणि उभ्यानेच वाचत गेली.

"अण्णा, हे तुम्ही भरलं?"

"सहीसकट."

"मग तुमच्या सहीनं तुम्ही लिहून दिलंय, की पोरीचं लक्ष कधीच टिकत नाही, ती ऐकत नाही, हातातलं काम पुरं करत नाही, वस्तू हरवते, एका जागी बसत नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडते. तीन म्हणजे नेहमी, अण्णा. शून्य म्हणजे कधीच नाही."

रंगनाथने चष्मा काढून पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"मग शून्य चांगलं?"

"इथे चांगलं."

"हे कसले गुण म्हणायचे," तो पुटपुटला. जन्मभर ज्याने लेकरांना शून्यासाठी बडवलं त्याला एका सकाळीत शून्याची थोरवी पटणं अवघडच होतं.

दीपमाला पदराने हात पुसत बाहेर आली. "छायाताई, मी म्हणते, खाडाखोड कशाला? जाऊ दे तसंच. एकदा गोळी सुरू झाली की मोकळं होऊ. त्या कुलकर्ण्यांच्या पोराला देतात म्हणे, शांत झालाय."

"चैत्रालीला अजून शांत करायचंय, वहिनी? ती बोलते तरी का?"

"तेच ना. बोलत नाही, बघत बसते. काळजी नाही वाटत?"

"गोळीबिळी काही नको," गोरक्ष म्हणाला. तो मघापासून दाराच्या चौकटीला टेकून होता, गुलाबाच्या शेडमधून तसाच आलेला, मनगटापर्यंत काट्यांचे ओरखडे. "मी ठरवलंय. सुट्टी संपली की इगतपुरीला घालायची. तिथं वसतिगृहाची शाळा आहे, शिस्त कडक. कागद आणलेत मी."

"इगतपुरी बरीच," लंकाबाई म्हणाल्या. "चार महिने धुक्यात खिडकीबाहेर काही दिसतच नाही. पोर बघेल काय? झाली बरी."

"आत्या, चेष्टा नाही. तुम्हालाच जास्त कळायला हवं. पोरगी काकावर गेलीय. आज हिला आवरलं नाही तर उद्या आपल्या घरात दोन फकिरा."

हे बोलताना त्याने आवाज खाली घेतला, पण इतकाही नाही. फकिरा तिथेच होता, अंगणातल्या नळाशी. लंकाबाईंचा धाकटा भाऊ, साठीचा. नळ गळतो म्हणून त्याने सकाळी तो खोलला होता. मग पाना आणायला टेंपोकडे गेला, टेंपोची काच मळलेली दिसली म्हणून ती पुसायला घेतली, फडक्यासाठी गोठ्यात शिरला तर गाईचं दावं गुंतलेलं. आता नळ उघडा, काच अर्धी, गाय मोकळी. घरातल्यांना यात नवल काही नव्हतं. फकिराची ठिबकची नळी दोन वाफ्यांपर्यंत आलेली होती ती सहा वर्षं तिथेच होती. रेल्वेत तो नऊ दिवस टिकला, नोटांच्या प्रेसच्या कॅन्टीनमध्ये एक मोसम, बायको तीन वर्षं. टेंपो तेवढा टिकला, कारण टेंपो चालता असतो.

त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, "अक्का, ओवाळ ना लवकर, मला गाडी काढायचीय," आणि पाटाकडे यायच्या ऐवजी गाईमागे गेला.

फकिराला ओवाळणं म्हणजे चालत्या टेंपोला हार घालणं. लंकाबाईंचा त्यात हात बसला होता. पण आज त्यांनी ताट मागवलं नाही. पोरगी काकावर गेली, हे वाक्य त्यांना नवीन नव्हतं. "मामावर गेला" हे वाक्य त्यांनी फकिराबद्दल लहानपणी ऐकलं होतं, आणि ते एकदा चिकटलं की मग मास्तर, आई, बाप, गल्लीतलं कुणीही, पोराकडे बघायचं सोडून त्या वाक्याकडेच बघत. नऊ वर्षांच्या मुलीच्या कपाळावर हे वाक्य आज भाऊबीजेच्या मुहूर्तावर मारलं जात होतं. परवा त्यावर डॉक्टरांचा शिक्का बसला असता, नाहीतर इगतपुरीचा.

"छाया," त्या म्हणाल्या, "कोरा कागद आहे का?"

"दादानं तीन प्रती काढल्यात."

"मग पुन्हा भर. मी उठवेपर्यंत इथून कुणी उठायचं नाही. फराळ नंतर."

फराळ नंतर म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष एकदम टिकलं.

छायाने पेन्सिल घेतली. "आधी एक ऐका. मागच्या वर्षी प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं होतं, थोडंफार. वर्गात तंद्री कुणाची लागत नाही? माझी स्वतःची लागते, केंद्रप्रमुख बोलायला उभे राहिले की. तेवढ्यानं आजार होत नाही. बघायचं असतं की हे शाळेत आणि घरी, दोन्हीकडे होतं का. लहानपणापासून आहे की आत्ताच सुरू झालंय. हाक मारली तर मूल परत येतं का. आणि त्यानं तिचं खरंच काही अडतं का. तरी नक्की सांगायचं काम डॉक्टरांचं, आपलं नाही. गप्प बसणाऱ्या मुलींचा आजार कित्येकदा कुणाच्या ध्यानातच येत नाही, म्हणून परवा जायचंच. पण खरा कागद घेऊन."

"मग मुलीलाच विचार की," रंगनाथ म्हणाला. "चैत्राली!"

चैत्राली पायरीवर पाठमोरी बसून झेंडू ओवत होती. हाक पोचली नाही.

"बघ," गोरक्ष म्हणाला.

"चैतू," छायाने साध्या आवाजात म्हटलं. मुलीने वळून पाहिलं. "काय करत होतीस गं?"

"मोजत होते. तीन झेंडू, एक शेवंती, मग पान. मध्ये बोलले की चुकतं."

लंकाबाईंनी माळ हातात घेतली. चांगली सात-आठ हात होती. पन्नास वर्षं हार ओवणाऱ्या बाईची नजर ती. पंचवटीतल्या अर्ध्या हारवाल्यांना त्यांनी फूल कमी निघाल्यावर पकडलेलं होतं. त्यांनी माळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडली. एक चूक सापडली नाही, याचं त्यांना किंचित वाईटही वाटलं.

"मग झालं की," रंगनाथ म्हणाला. "आजार नाय. उठा."

"नाही, अण्णा," छाया म्हणाली. "आवडीच्या कामात ज्यांना आजार आहे तेही तासनतास रमतात. म्हणून तर प्रश्न अठरा आहेत, एक नाही. वहिनी, ही डबा, पाण्याची बाटली, पेन्सिली हरवते का?"

दीपमाला विचारात पडली. पोरीची काळजी करायच्या नादात पोरीकडे बघायचं राहून गेलं होतं. "नाही हो. उलट अण्णांचा चष्मा हीच शोधून देते."

"गृहपाठ अर्धा टाकते?"

"कुरकुर करते. पण करते."

"दुसरी-तिसरीत अशी चिठ्ठी आली होती?"

"नाही. तक्रारी जूनपासूनच. नव्या टीचर आल्यात गणिताला."

छायाने मुलीला जवळ ओढलं. "या टीचर शिकवतात तेव्हा तू खिडकीबाहेर बघतेस?"

"एकच गणित त्या तीनदा सांगतात. पहिल्यांदा मी ऐकते."

"आणि मग?"

"मग जाते."

"कुठे?"

"बाहेर. समोर बांधकाम चाललंय ना, तिथे एक बाई डोक्यावर सहा-सहा विटा घेऊन शिडी चढते. तिची सातवी वीट कधी येते ते बघते."

"आणि टीचरनी हाक मारली तर?"

"येते लगेच. पण त्या हाक नाही मारत. डस्टर आपटतात."

बासष्ट मुलांच्या वर्गात एक पोर गणित पहिल्याच वेळी समजून घेतं, हा आजार आहे खरा, लंकाबाईंनी मनात म्हटलं, फक्त तो कुणाचा हे चिठ्ठीत चुकलं असावं. छाया आकडे मांडत होती: शून्य, एक, शून्य, शून्य, एक.

खरी गंमत चालली होती ती मात्र दुसऱ्याच बाजूला. छाया प्रश्न वाचे आणि अंगणातून उत्तर येई, न मागता.

"वस्तू जागच्या जागी ठेवत नाही," छाया वाचे, आणि फकिरा विचारी, "ए गोरक्ष, माझी किल्ली कुठं टाकलीस रे?" किल्ली त्याच्याच कानावर अडकवलेली होती.

"रांगेत, पाळीत थांबवत नाही."

"मार्केटात सकाळी तो हवालदार म्हणतो, लायनीत लाव. म्हटलं, लायन संपेपर्यंत फुलं सुकतील की."

"समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत..."

"अक्का, त्या टेंपोचं काय झालं माहितीय का," असं म्हणत फकिरा ओसरीची पायरी चढला, आणि सगळे हसले. दीपमालाने तोंडावर पदर घेतला. रंगनाथ तर खोकल्यापर्यंत हसला. "ह्याला द्या चोपन्न," तो म्हणाला, "इथं मात्र माझे गुण बरोबर."

छायाही हसली, पुढचा प्रश्न वाचला. सुरू केलेलं काम पुरं करत नाही. नळ टपटपत होता. पुढचा वाचला. विसरते. त्यापुढचा: आतून कुणी मोटार लावल्यासारखी सतत चालू असते. या प्रश्नाला कुणी हसलं नाही. छायाची पेन्सिल चैत्रालीच्या रकान्यात शून्य काढून थांबली होती आणि तिची नजर कागदावर नव्हती.

फकिराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तो कधी नव्हे तो पाटावर बसला, गुडघा हलवत.

"काय झालं? माझं काय चुकलं?"

"काही नाही, काका."

"मग पुढचा वाच ना. बरा कागद हाय. कुणी लिहिलाय?"

"डॉक्टरांचा आहे. मुलांसाठी."

"मुलांसाठीच असतो का?" त्याने विचारलं. अगदी साधं विचारलं, बाजारात भाव विचारावा तसं. पण त्याच्याकडे न बघता लंकाबाईंना कळलं, की हा प्रश्न त्याने सहज फेकलेला नाही. उत्तरासाठी तो थांबला होता. साठ वर्षांत त्यांनी त्याला कशासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही, काका," छाया म्हणाली. "लहानपणी असतं त्यांच्यातलं काहींना मोठेपणीही राहतं, असं सांगितलं होतं. परवा विचारू."

"त्याला नाव हाय म्हणजे."

"आहे."

"मला वाटलं, मीच हाय ते."

गोरक्षने चौकटीवरचा खांदा काढला. तो आत गेला, आणि कपाटाचा आवाज झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात इगतपुरीचे कागद होते. त्याने ते दीपमालाच्या हातात दिले. "चुलीत घाल."

"गॅस आहे आपल्याकडे," दीपमाला म्हणाली, पण कागद तिने घडी करून कमरेला खोचले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला.

"परवा मी येतो डॉक्टरांकडे," गोरक्ष म्हणाला, "आणि शाळेतही. त्या डस्टरचं बोलायला."

लंकाबाईंनी हात पुढे केला. "तिसरी प्रत दे, छाया. वर वय लिही, साठ. भरणाराचं नाव लिही, लंकाबाई, थोरली बहीण. त्याला लहानपणापासून सांभाळणारी दुसरी कुणी जिवंत नाही."

रंगनाथ म्हणाला, "अक्का, लोक काय म्हणतील?"

"तुझे चोपन्न वाचून जे म्हणाले असते तेच."

मग त्या सांगत गेल्या आणि छाया लिहीत गेली. तीन. तीन. या प्रश्नाला दोन लिही, गोष्ट सांगितली की ऐकायचा. तीन. ज्याला साऱ्या घराने जन्मभर नादी, वांड, ऐदी म्हटलं त्याचा हिशेब अठरा ओळींत बसत होता, आणि कुठल्याही ओळीत यातला एक शब्द छापलेला नव्हता. फकिरा मन लावून ऐकत होता, म्हणजे गुडघा हलवत, पाटाच्या कडेचा रंग नखाने खरवडत.

शेवटी खाली एक मोकळी जागा होती. छायाने वाचलं, "आतापर्यंत घरी काय उपाय केले?"

चैत्रालीच्या कागदावर या जागी तिने रेघ ओढली होती. इथे ती थांबली.

लंकाबाईंची नजर गोठ्याकडे गेली. आई मळ्यात असायची. फकिराची पाटी गिरवून घ्यायचं काम त्यांच्याकडे, चौदा वर्षांच्या पोरीकडे, आणि संध्याकाळी पाटी कोरी दिसली की आईचा मार दोघांना.

"बांधून ठेवलं," त्या म्हणाल्या. "लिही. गोठ्याच्या खांबाला, म्हशीच्या दाव्यानं. मी."

"आत्या, हे नको लिहायला."

"विचारलंय ना त्यांनी? मग लिही. दोन वर्षं. आणि उपयोग झाला नाही, तेही लिही."

फकिरा हसला. "अक्का, मी रोज सुटायचो. आठवतंय का? तू हाराची गाठ मारायचीस, वरून छान, ओढली की सुटते."

"मला वाटायचं, तू लबाड आहेस."

"मला वाटायचं, तू मुद्दाम तशी गाठ मारतेस."

हो म्हणून लंकाबाई मोकळ्या झाल्या असत्या. खोटं बोलायला त्यांची हरकत नव्हती, दुकान चालवायचं म्हणजे सवय लागते. पण मुद्दाम मारली होती का नव्हती, हेच त्यांना आठवेना, आणि सगळं आठवतं म्हणून तर त्या घरभर मिरवत आल्या होत्या. त्यांनी दीपमालाला ताट आणायला सांगितलं. फकिराच्या कपाळावर कुंकू लावताना त्यांचा अंगठा नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकून राहिला, आणि तोही तेवढा वेळ बसून राहिला, नवलच.

तांदूळ पडले न पडले तोच तो उठला. कानावरची किल्ली चाचपली, टेंपोपर्यंत गेला, मध्येच नळाकडे वळला.

"काका," छायाने कागद हलवून हाक मारली, "दोन प्रश्न मी सोडून ठेवलेत. तुम्हालाच विचारायचे आहेत."

"आलोच," फकिरा म्हणाला, आणि टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला.

"राहू दे गं," लंकाबाई म्हणाल्या. "पुरा भरून नेलास तर डॉक्टरांना तो फकिराचा वाटायचा नाही."